गुरुवारचं पाणी

३ ऑक्टोबर, गुरुवार

लिही. सांगणारी रुगया, लिहून घेणारी तिची सून सुरैनी. अक्षर वाईट आलं तर दोष सुनेचा. मला लिहिता येत नाही, त्यामुळे माझ्या अक्षराला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

"मक, हे पण लिहू?"

हे पण लिही. सासूला आईसारखी मक म्हणायचं आणि तिच्याच शब्दांना कात्री लावायची, हे चालणार नाही.

हा उद्योग कशासाठी, तर दवाखान्यातल्या बाईंनी हिला पडून राहायला सांगितलंय. सातवा चालू आहे. उठायचं ते मोरीपर्यंत, बसायचं ते जेवणापुरतं. पडून राहिलेलं माणूस छताकडे बघतं आणि नको ते डोक्यात आणतं. म्हणून म्हटलं, मी बोलते, तू लिही. आधीची दोन पोटातच गेली. एवढं लिही आणि पुढे चल. डोळे ओढणीला पूस, वही नवी आहे.

माझा मुलगा जामहारी वाळूच्या बोटीवर असतो. कापुआस नदीवर पार वरपर्यंत जातो. घरी आला की बायकोकडे बघून हसतो, आणि माझ्याकडे वळला की ते हसू गळून पडतं. मीही त्याच्याकडे फार बघत नाही.

हिच्या खिडकीखाली मी कोरफडीचे डबे ओळीने मांडलेत. रंगाचे रिकामे डबे, निळे. आमच्या आईच्या वेळी पोटुशी बाईच्या खिडकीला काठावरची काटेरी झुडपं बांधायचे. जी येते तिचे लांब केस काट्यात अडकतात म्हणून. कोण येते ते विचारायचं नाही. बाळंतपणात गेलेली बाई आणि दुसरीच्या बाळंतपणावर डोळा. या शहराचं नावच तिच्यावरून पडलंय, मी आणखी वेगळं घेत नाही. आता काठाला सिमेंटची भिंत आली, झुडपं गेली. कोरफडीला काटे आहेत. बारीक आहेत, पण आहेत.

"मक, ही तर केस धुवायला लावली होती ना?"

हो, तुझ्या केसांना. आता दुसरीच्या केसांना.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमून कुराणातली यासीन म्हणाल्या. मधोमध पाण्याच्या बाटल्या, झाकणं उघडी, म्हणजे म्हटलेलं पाण्यात उतरतं. त्यातले दोन घोट सुरैनीला पाजले. उरलेलं मोरीत टाकायचं नसतं, वाट्टेल तिथे सांडायचं नसतं. झाडाला घालतात. मीही डब्यांत घातलं.

आणि काय बघते, तर डब्यांच्या बुडातून ते ठिबकतंय, फळ्यांच्या फटीतून खाली. आमचं घर लाकडी खांबांवर. भरती असली की खाली नदी असते, ओहोटीला नुसता चिखल, आणि त्या चिखलात सगळ्या गल्लीच्या मोऱ्या. म्हटलेलं पाणी त्यात पडायचं?

सकाळी बसून एकेक डबा आडवा केला. बुडाच्या भोकात चिंधी कोंबली, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. छान घट्ट. आता थेंब खाली जात नाही. कंबर मोडली, पण जीव शांत झाला. या वयातही डोकं चालतं हे जामहारीला वाचून दाखव.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मधले दिवस सांगण्यासारखे नव्हते. ही झोपली, मी स्वयंपाक केला, पाऊस पडला. झावळ्यांच्या छपराखाली असल्यामुळे डब्यांवर पाऊस येत नाही, ते बरं.

कोरफड मात्र पातळ झालीये. पानं आधी माझ्या अंगठ्याएवढी जाड होती, आता चिमटीत मावतात. खाली माना टाकल्यात. तहानलीये. उकाडा काय कमी आहे! मी रोज सकाळी तांब्याभर घालायला लागले.

शेजारच्या आसो खिम कुंपणावरून बघत होत्या. चिनी, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या, आणि तोंड माझ्याहून मोठं. त्यांचं सासर पलीकडे सियांतानला, तिथे कोरफडीची शेतंच्या शेतं. म्हणाल्या, "रुगया, रोज पाणी? कोरफड आहे ती, बदक नाही."

म्हटलं, "आसो, माझी झाडं आहेत. तुमच्या घरात पाणी कमी पडत असेल तर सांगा."

हसल्या आणि गेल्या. त्यांना काटे कशासाठी ते सांगितलं नाही. त्या लोकांची भुतं वेगळी.

२३ ऑक्टोबर, बुधवार

एक पान हातात आलं. ओढलं नव्हतं, धूळ पुसत होते. बुडाशी पिवळं, काचेसारखं आरपार दिसणारं, आणि मऊ. बोट लावलं तर सालीच्या आत पाणी हललं. वास आला. मेलेल्या माशाचा नाही, त्याहून गोडसर.

मी ते पान खिडकीतून दूर फेकलं. ओळीतल्या इतर डब्यांकडे बघितलं. तीन झाडांचा बुंधा तसाच तपकिरी. सगळे हिच्या उशाकडच्या बाजूचे.

हे लिहू नकोस.

लिहिलंस? मग खोड.

"मक, खोडलं तर वाईट दिसेल."

राहू दे मग. लिही की म्हातारीला काहीही वाटतं. लिही की झाडं म्हटल्यावर एखादं मरतंच. आणि आजच्या पेजेत मीठ कमी होतं, तेही लिही, म्हणजे पानभर होईल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी बायकांना सांगितलं की यासीन तीनदा म्हणा. कुणी कारण विचारलं नाही. माझं तोंड बघितलं असेल. घरी येताना माझ्या हातात एक नाही, दोन बाटल्या.

सुरैनीची आई सांबासहून व्हॅनने पाठवते ती वेगळी. तीही यासीनचीच. जामहारी बोटीवरून उतरला की मशिदीतून आणतो ती आणखी वेगळी. पोरगी पिणार तरी किती? पोटात बाळाला जागा ठेवायला हवी.

उरलेलं डब्यांत घातलं. तिकडच्या, हिच्या उशाकडच्या डब्यांना जास्त. तीच तर खचतायत. आत येता येता वाटेतच कुणीतरी त्यांना पाडतंय, दुसरं काय?

संध्याकाळी नदीवरून वारा आला आणि पडदा आत उडाला. मी उठून खिडकी लावली. सुरैनी म्हणाली, "मक, गुदमरतंय." मी म्हटलं डास येतात. आमच्या दोघींनाही माहीत होतं की वारा असला की डास येत नाहीत.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सगळं फुटलं. सांगते, हळू लिही.

सकाळी आसोंचं मांजर कठड्यावरून डब्यांवर उडी मारून गेलं. मोठा डबा, सगळ्यात जुनी कोरफड. मांजर काय वजनाचं? तरी झाड आडवं. मी उभं करायला गेले, तर सगळं झाड हातात आलं. खाली मुळं नाहीत. नुसता काळा लगदा, आणि त्या दिवशीचा तो गोडसर वास.

मी ओरडले. आत सुरैनी उठून बसली. तिला उठायची बंदी, म्हणून मी तिच्यावर ओरडले. मग जामहारी धावत आला, त्याच्यावरही ओरडले. मग आसो खिम आल्या, त्यांच्यावर ओरडायला दम राहिला नव्हता.

"हलव तुझं ढुंगण," असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं. (लिही, लिही. त्या असंच बोलतात.) डबा आडवा केला. माती पडलीच नाही, ओतली गेली. पाणी काळं. आसोंनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं. साल सरकली आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी राहिलं.

"रुगया, तू झाडं लावलीस की लोणचं घातलंस?"

मी म्हटलं, "तहानली होती, आसो. पानं पातळ झाली होती."

"मुळं कुजली की झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. तोंडच सडलं, प्यायचं कशानं? तू बघतेस पान पातळ, घालतेस आणखी पाणी. ते आणखी सडतं." मग डबा उलटा करून बूड बघितलं. बोटाने मेण टोकरलं. "हे काय?"

मी सांगितलं. त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. "म्हणजे दर गुरुवारी एक बाटली?"

"दोन," मी म्हटलं. "गेल्या गुरुवारी."

"आणि माझी," जामहारी म्हणाला. त्याचं तोंड लहानपणी आरसा फोडला होता तसं झालं होतं. "मशिदीतली. तू बाजारात गेलीस की घालायचो. तुला कळलं तर म्हणशील, बायकांनी म्हटलेलं पाणी पुरत नाही का."

खिडकीतून सुरैनीचा आवाज आला. "माझ्या आईचीही. मोरीला जाताना. मला वाटलं तुम्ही दोघं विसरलात."

म्हणजे या घरात तीन माणसं, तिघं घाबरलेली, तिघांनी एकमेकांपासून लपवून एकाच डब्यात ओतलं. आणि खालून मी भोक बुजवलेलं.

आसो म्हणाल्या, "त्या झाडाला मारायला कोणी बाहेरून यायची गरज नव्हती."

मी त्यांच्याकडे बघितलं. काटे कशासाठी ते त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

३० ऑक्टोबर, बुधवार

सगळी झाडं उपटली. आसोंनी जुनी सुरी आणली, प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात बुडवून घेत होत्या. "नाहीतर एकीची घाण दुसरीला." काळी मुळं कापली, तपकिरी बुंधा कापला. आत जोपर्यंत पांढरं, घट्ट दिसत नाही तोपर्यंत कापायचं. काहींचा बुंधा इतका आखूड उरला की मला बघवेना. दोन टाकूनच दिली, आतपर्यंत गेली होती. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चोळली. मी म्हटलं, "खीर करताय का?" म्हणाल्या, "तू पाणी घालायला आलीस तर तुझ्यावर पण चोळीन."

माती फेकली. नवी माती जामहारी आणणार, नदीची जाड वाळू आणि भाताचं जळकं तूस, त्यात थोडीशीच माती. डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. मोठी भोकं. मी बघत होते.

आणि मग आसोंनी वरून सांगितलं. "आत्ता लावायची नाहीत. जखमेला साल धरेपर्यंत अशीच ठेव. सावलीत, कोरडी. आठवडाभर, जास्तही. मुळावाचून मरत नाहीत त्या. ओल्या जखमेने मातीत घातलीस तर परत सडतील."

आठवडाभर! म्हणजे खिडकी उघडी. एक काटा नाही.

झाडं चुलीवरच्या फळीवर, वर्तमानपत्रावर आडवी. मुंडकी छाटल्यासारखी. सुरैनी पलंगावरून त्यांच्याकडे बघते, मी सुरैनीकडे बघते.

मी खिडकीच्या चौकटीत कात्री ठेवली. लिही, कापडं कापायला ठेवली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही आता खोटी झालीये. ज्याची भीती आहे ते मी हिला सांगू शकत नाही आणि लिहून घेणारी हीच. म्हणून आज मी मांजराबद्दल सांगते. मांजर बरं आहे.

पहाटे नमाजाआधी मी एक झाड उचललं. सगळ्यात मोठं. जखम बोटाला अजून चिकटत होती. नव्या वाळूत खोचलं, वर दोन थेंब पाणी, आणि खिडकीखाली ठेवलं. एक तरी हवं. आसोंना दिसू नये म्हणून समोर टोपली ठेवली.

"मक," सुरैनी आत्ता म्हणाली, "हे पण लिहू?"

तू जागी होतीस?

"डबा फळीवर घासला की सगळ्या घराला ऐकू येतं."

लिही मग. आणि तोंड बंद ठेव.

३ नोव्हेंबर, रविवार

आज लिहितोय मी, जामहारी. सुरैनी दवाखान्यात. पहाटे रक्त जायला लागलं. होडीने पलीकडे नेलं. तिच्या मोठ्या बहिणीला तिथे बसवून मी मकला न्यायला आलो, तर ती चुलीपाशी त्या झाडांसमोर बसलेली. म्हणाली, आधी लिही. मी म्हटलं, मक, ही काय वेळ आहे? म्हणाली, वेळ हीच आहे, मला हे तिच्यासमोर म्हणता येणार नाही. आता ती सांगेल तसं:

मला भीती वाटते. चार आठवडे मी सुरैनीसमोर विनोद करते आणि मला भीती वाटते. माझी थोरली बहीण बाळंतपणात अशीच रक्त जाऊन गेली, हाच नदीकाठ, असेच दिवस भरायचे राहिलेले. मी तिच्या उशाशी बसले होते, आणि आईने काटे बांधले होते, भरपूर बांधले होते, तरी गेली. तेव्हापासून मला नदीवरच्या वाऱ्याची भीती वाटते. आणि ती लांब केसांची आत येत असली तर ती माझी बहीणच असेल का, याची त्याहून जास्त वाटते. हे मी कुणाला बोलले नव्हते.

मी ती मोठी कोरफड ओल्या जखमेने खोचली. आसोंनी नको सांगितलं होतं. आणि दोन दिवसांत हे रक्त. ते त्याच्यामुळे नाही, मला माहीत आहे, झाडाचं आणि बाईचं काय नातं? पण मला माहीत आहे आणि मला वाटतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जामहारी म्हणतो, "मक, सुरैनी हे वाचेल."

वाचू दे. वाचायला घरी येऊ दे.

चल, होडी काढ.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगी. रात्री उशिरा पोट कापून काढली. सुरैनी शुद्धीवर आहे, पांढरी पडलीये, पण मला बघून पहिलं वाक्य, "मक, कात्री खिडकीतून काढलीत ना? मांजराला लागेल."

बाळ काचेच्या पेटीत. मुठीएवढं डोकं. नाकात नळी. बाजूला दिवा. मी बाटली घेऊन गेले होते, गुरुवारची. नर्सला विचारलं, "ओठाला नुसतं बोट लावू का?"

"आजी, आत्ता काही नको. काही लावायचं नाही, झाकण उघडायचं नाही. नुसतं बघा."

मी बाटली ओढणीखाली घेतली आणि हात पाठीमागे बांधले. बराच वेळ तशी उभी होते. हात सुटत होते, परत बांधत होते.

(जामहारी: मी तिथेच होतो. तिने एकदाही विनोद केला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.)

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जामहारीच लिहितोय, अक्षर बघून घ्या.

मी कपडे घ्यायला घरी आले होते. खिडकीखालची ती मोठी कोरफड गेली. हात लावला तर बसली, आतून पाणी झालं. बाकीच्या फळीवर जशा होत्या तशा. पानं सुरकुतलेली, पण कापलेल्या जागी कोरडं, टणक, लाकडासारखं. एकीला खालून चक्क एक पिवळंसं टोक आलंय. मातीशिवाय! पाण्याशिवाय!

आसो आल्या, बघितलं, टोपली बाजूला सारून मेलेलं झाडही बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळ?"

"वजन घेतंय म्हणतात. पेटीतच आहे."

"मग बस." आणि आम्ही दोघींनी मिळून बाकीची लावली. कोरड्या वाळूत. पाणी एक थेंब नाही. आसो म्हणाल्या, "आठवडाभर हात लावलास तर बघ."

मी लावला नाही. मी पेटीसमोर उभी राहायला शिकलेय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सुरैनी लिहितेय. परत तिचं अक्षर, म्हणजे आता दोष परत तिचा.

सोमवारी दोघी घरी आल्या. बाळ माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येतं. रडतं तेव्हा मांजर बाहेर जातं. हिने मधली पानं वाचली. सगळी. संध्याकाळी चहा घेऊन माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?"

कितीतरी वर्षांत ते नाव कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सलबिया. लिही ते इथे, नीट लिही.

आज बायका यासीन म्हणाल्या. बाटली एकच आणली, तिघांची मिळून. कोरफड डब्यांत ताठ उभी आहे. मी माती बोटाने उकरून बघितली, आतपर्यंत कोरडी, म्हणजे आता द्यायला हरकत नाही. आसो कुंपणावरून बघतच होत्या.

पण मी थांबले. भरती येऊ दिली. खाली चिखलावर नदी चढली, फळ्यांच्या फटीतून चकाकायला लागली, तेव्हा एकेका डब्याला थोडं थोडं घातलं. डब्यांनी प्यायलं तेवढं प्यायलं. बाकीचं बुडातून निघालं आणि नदीत पडलं. टप टप ऐकू येत होतं.

जामहारी म्हणाला, "मक, खाली पडतंय."

पडू दे. खाली कुणी असली तर तिलाही घोटभर मिळू दे. सलबियाच्या नावाने कुणी बाटली उघडून ठेवली नव्हती. तेव्हा सगळे काटेच बांधत होते.

खिडकी उघडी ठेवलीये. वारा येतोय. मला अजून भीती वाटते, पण बाळाला उकडतं.

थांबलीस का, पोरी? लिही. हात भरून आला असेल तर पोरीला माझ्याकडे दे.